सातवं कडवं

असमा चाळीस दिवसांची झाली, तिच्या आईनं, अमिरुन्निसानं, चाळिसाव्याची अंघोळ केली, शेजारीपाजारी गोड भात वाटून झाला आणि त्याच आठवड्यात असमाचा बाप जाफर मुंबईहून कुवेतच्या बोटीत चढला. ते साल एकोणीसशे चौपन्न. मुलीचं वय मोजलं की बापाच्या परदेशाची वर्षं मोजून व्हायची, इतकं ते सोपं होतं.

जाफर बाणकोटच्या खाडीकाठचा. कुवेतात तो अहमदीला तेल कंपनीच्या मेसमध्ये स्वैपाकी म्हणून लागला. उंच, हाडकुळा, बोलायला अगदी कमी. दहा शब्दांच्या जागी दोन वापरायचा आणि तेही भाताच्या डेगेत बघून. मेसमधले लोक म्हणायचे, याच्या तोंडातून बोल काढायचा तर आधी कांदा कापायला बसवावं लागतं.

पण जुम्म्याच्या दुपारी, नमाज झाली, जेवणं झाली की बराकीतले कोकणातले आठ-दहा जण त्याच्या खाटेभोवती जमायचे. बाहेर वारा वाळू उडवीत असायचा, पत्र्यावर ती सडासडा आपटायची. कुणीतरी म्हणायचं, "जाफरभाय, होऊन जाव दे तांडेलाचा." मग जाफर भिंतीला पाठ लावायचा, डोळे मिटायचा आणि गायचा.

ते गाणं खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या बायकांचं. नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटून बायका ओटीवर सुंभ वळायला बसत, तेव्हा गायचं. एक तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, खजूर आणायला बसऱ्याला जातो आणि त्याची बायको वाट बघत बसते, एवढीच गोष्ट. पहिल्या कडव्यात ती त्याच्यासाठी दिवा राखते. दुसऱ्यात सुकवलेले बोंबील राखते, तिसऱ्यात नवी टोपी शिवून ठेवते. असं करत करत सहाव्या कडव्यात तिच्यापाशी राखायला काही उरत नाही, म्हणून ती आपलं हसू राखून ठेवते.

"तांडेल गेला गो बसऱ्याच्या वाटं,
शिडाचा सफेदा धुक्यात फाटं..."

जाफरचा गळा काही फार गोड नव्हता. थोडा घोगराच. पण त्या सुरुवातीला खाटेवरची मोठमोठी माणसं गप्प व्हायची. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी काहीतरी राखून बसलेलं होतं. वर्षाला पन्नास जुम्मे, आणि सात वर्षं हे गाणं चाललं, तरी कुणाला त्याचा कंटाळा आला नाही. शेजारच्या बराकीतले मलबारी यायचे. त्यांना शब्द कळत नसत, तरी तेही दारात उकिडवे बसून ऐकायचे आणि शेवटी उठून जायचे.

सहा कडव्यांनंतर जाफर सातवं गायचा. त्यात बायको बोलत नाही, तांडेल बोलतो.

"नको बसूं धक्क्यावर, उतरव हातीचा चुडा,
तुझ्या माझ्या नावाचा सुटला गो जोडा."

पहिल्यांदा हे कडवं ऐकलं तेव्हा मुस्तफा उठून बसला होता. मुस्तफा म्हणजे जाफरच्याच गावचा, गॅरेजात काम करणारा, तोंडाळ आणि मनानं मोकळा.

"ह्या कुठना काढलास? आमच्याकडं तर सहाच."

"सातच हायत," जाफर म्हणाला.

"माझी अम्मा, माझी फुफी, सगल्या सहाच म्हणतात."

"मग तुमच्याकडच्या बायका आळशी."

सगळे खो खो हसले. जाफर सहसा विनोद करत नसे, त्यामुळे तो विनोद चार दिवस बराकीत पुरला. "आळशी हायत आमच्या बायका, एक कडवा कमी गातात," असं जो तो म्हणायचा.

जाफरनं गाणं आईकडून उचललं होतं. तो पोटात असतानाच त्याचा बाप गलबतावर खलाशी म्हणून गेला आणि गलबत आलंच नाही. आई सुंभ विकून जगली. ती एकटीच ओटीवर बसायची, इतर बायकांत जायची नाही. तिच्या सुंभाचं प्रत्येक वेटोळं इतरांच्या वेटोळ्यापेक्षा हातभर लांब भरायचं. बाजारातला बोहरी म्हणायचा, "या म्हातारीचं माप चांगलं." जाफरला वाटे, आई कष्टाळू, म्हणून. तिनं सातही कडवी त्याच्यासमोर हजारदा गायली. दुसऱ्या ओटीवरून गाणं कुठे थांबतं, याकडे त्यानं कधी कान दिला नव्हता. पोरगा म्हणून बायकांत बसायचं वय सरलं आणि तो होडीवर कामाला लागला.

जाफर सत्तावन्न साली घरी जाऊन आला, एकोणसाठ साली जाऊन आला. एकसष्टच्या ईदला येतो म्हणून त्यानं कळवलं होतं. पण मेसमध्ये दोन स्वैपाकी आजारी पडले आणि रजा पुढे गेली. त्या ईदला मुस्तफा निघाला. जाताना त्यानं एक नवलाची वस्तू घेतली होती. बॅटरीवर चालणारं, आवाज भरून घेणारं, चकत्यांचं यंत्र. गावात वीज नव्हती, पण याला वीज लागत नव्हती.

"ज्याला घरी काय सांगायचा हाय, सांगा ह्यात," मुस्तफानं डंका पिटला. "मी गावात घरोघर ऐकवनार. कागदाला काय करायचा, आख्खा माणूसच नेतो."

सगळ्यांनी आपापले आवाज भरले. कुणी सलाम सांगितला, कुणी म्हशीची चौकशी केली, कुणी पोराला दम दिला. जाफरची पाळी आली तेव्हा तो यंत्राकडे बघत बसला. चकत्या गरागरा फिरत होत्या.

"बोल की रे! बॅटरी काय तुझ्या सासऱ्यानं दिली?"

जाफरनं दोनदा घसा साफ केला. 'अमिरून' म्हणावं, तर समोर आठ पुरुष. असमाचं नाव घ्यावं, तर पाठोपाठ तिच्या आईचं येणार. त्यापेक्षा त्यानं डोळे मिटले आणि गाणं म्हटलं. आठवणीतून, अख्खं, सातही कडवी. त्या दिवशी तो इतका जीव ओतून गायला, की मुस्तफा यंत्र बंद करायचं विसरला आणि मागाहून कुणाचा तरी हुंदका आणि पत्र्यावरची वाळू तेवढी भरली गेली. सलाम नाही, दुआ नाही, येतो-जातो नाही.

मुस्तफा मे महिन्यात परत आला, तो खूश होऊन.

"जाफर, काय सांगू! तुझ्या अंगनात अर्धा गाव जमला. बाया रडल्या रे. सातवा कडवा लागला आनि एकेक करून उठून गेल्या, इतक्या रडल्या. अमिरूनभाभी तर तोंडाला पदर लावून आत गेली ती बाहेरच आली नाय. चा पन दुसऱ्या घरी प्यालो."

जाफर त्या दिवशी हसला. रात्रीच्या भातात त्यानं सगळ्यांना जास्त तूप वाढलं.

त्यानंतर घरून कागद आला नाही. महिन्याला एक कागद यायचा, गावच्या मास्तरकडून लिहवून घेतलेला. जून गेला. जाफरला लिहिता येत नव्हतं. त्यानं मुस्तफाकडून दोन कागद लिहून पाठवले. जुलैच्या सुरुवातीला त्यांतला एक परत आला. पाकिटावरचा पत्ता खोडून खाडीपलीकडचा घातला होता आणि लाल शाईत लिहिलेलं मुस्तफानं वाचलं, 'घेण्यास नकार'. खाली सही अशरफची, म्हणजे अमिरुन्निसाच्या भावाची. तेवढ्यावरून दोन गोष्टी कळल्या. अमिरून सासरचं घर सोडून खाडीपलीकडे माहेरी गेली आहे, आणि तिथे त्याचं नाव कुणाला नको आहे.

जाफरनं पाकीट चार वेळा उलटंसुलटं केलं. मग पुढच्या जुम्म्याला तो बसनं फरवानियाला गेला, कमालभाईंकडे. कमालभाई बंदरावर मुकादम होते आणि त्यांची बायको खैरुन्निसा ही त्या वेळी कुवेतात असलेल्या मोजक्या कोकणी बायकांपैकी एक. तीही खाडीकाठचीच. सगळे तिला खैरूभाभी म्हणत. तिच्या जिभेला धार होती, आणि हाताला चव.

तिनं पाकीट बघितलं. "काय करून बसलास? दुसरी बिसरी केलीस काय? बसऱ्याला तुमच्या त्या शेजारगावच्यानं केली तशी?"

"भाभी, तोबा."

"मग? शेवटचा काय कळवलास घरी?"

"कळवला काय नाय. गाना पाठवला."

"कनचा गाना?"

"तांडेलाचा."

खैरूभाभी भाकरी थापत होती. थापता थापता तिनं सहज विचारलं, "सहा म्हटलास ना?"

"सात."

तिचा हात थांबला. भाकरी परातीत तशीच राहिली.

"सातवा कुनाकडना शिकलास?"

"अम्माकडना."

"तुझी अम्मा रांड होती रे बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. त्या शब्दात शिवी नव्हती, विधवेला गावात म्हणत तो साधा शब्द होता. "सातवा कडवा तिचाच. जिचा गेला, तिनंच गावा. जिचा घरधनी हाय, मग तो कितीका लांब असंना, ती सहा म्हनते, सुंभाला गाठ मारते आनि उठते. सातवा तोंडातना काढायचा नाय. आनि तू? तू तर तांडेलाच्या तोंडानं म्हटलास. सगल्या गावासमोर. चुडा उतरव म्हनलास. आनि त्याच्या आगं-मागं एक सलाम पन नाय?"

"मना ठाव नव्हता."

"पुरुषांना कुठना ठाव असनार? ते ओटीवर बसतात काय?" तिनं कपाळाला पिठाचा हात लावला. "ईदला येतो म्हटलास, आला नायस. आनि आला तो हा गाना. तिनं काय समजावा?"

जाफरनं पाकीट खिशात घातलं. मग म्हणाला, "तार करतो."

"तारेत काय लिवशील? 'सातवा कडवा चुकून'? पोस्टवाला हसल. जा तू. बोट धर."

जाणं सोपं नव्हतं. तेव्हा नुकताच कुवेत स्वतंत्र झाला होता, इराक येणार म्हणून सगळीकडे घबराट होती, इंग्रजांच्या पलटणी उतरल्या होत्या, आणि पलटणींना जेवायला लागतं. मेसमधून एकाही स्वैपाक्याला सोडत नव्हते. जाफर रोज सकाळी साहेबाच्या दारात जाऊन उभा राहायचा. काही बोलायचा नाही. साहेबानं विचारलं तर म्हणायचा, "घर." अकराव्या दिवशी साहेबानं वैतागून तीन महिन्यांच्या रजेवर सही केली.

शुवैख बंदराहून मुंबई नऊ दिवस. पावसाळा असल्यामुळे मुंबईहून कोकणच्या आगबोटी बंद. एस.टी.नं महाड, तिथून दुसरी गाडी, मग चिखलातून चालत. अमिरूनच्या माहेरच्या दारात तो पोचला तेव्हा ऑगस्टचा मध्य झाला होता आणि त्याच्या पायात चप्पल उरली नव्हती.

ओटीवर असमा गजगे खेळत होती. सात वर्षांची. तिनं त्याला ओळखलं, पण जवळ आली नाही.

"बा, तू गान्यात सांगितलास ना, आता येनार नाय म्हनून?"

तेवढ्यात अशरफ बाहेर आला. त्यानं बसायलाही सांगितलं नाही. "बोलायचा तर हितनाच बोला," तो म्हणाला, "ती समोर येनार नाय."

दार अर्धं लोटलेलं होतं. दारामागे अमिरून बसलेली होती. त्या बाजूच्या बायका शेतात जात, बाजारात जात, कुणापुढे फार पडदा करत नसत. सात वर्षांच्या पोरीची आई नवऱ्यापुढे दाराआड बसते याचा अर्थ एकच होता. तिनं त्याला परका मानलं होतं. फळीच्या फटीतून तिचा हात दिसत होता. हातात बांगडी नव्हती.

जाफर ओटीच्या पायरीवर उभ्या उभ्याच बोलला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असेल. आईचं सांगितलं, सातव्या कडव्याचं सांगितलं, मुस्तफाच्या यंत्राचं, खैरूभाभीचं. मधे मधे अडखळला. छपरावरून पागोळ्या त्याच्या पाठीवर पडत होत्या, तो सरकला नाही.

मग आतून अमिरून म्हणाली, "तुमची अम्मा मरून धा वर्सा झाली. आता तिला इचारायला जाऊ?"

"खरा सांगतो, अमिरून."

"खरा असंल. तुमी खोटा बोलनारे नाय, बोलनारेच नाय. यंत्रात आठ जन बोलले. मुस्तफाचा चुलता म्हशीशी बोलला. तुमाला माझा नाव घ्यायला काय झाला होता?"

"लोक होते."

"लोक माझ्याकडंपन होते. साठ-सत्तर. सगल्यांनी माझ्याकडं बघितलान. फखरुन्निसा, माझी चुलत जाव, तिनं माझ्या हाताला धरून चुडा उतरवलान. मी रांडेसारखी चार महिने धा दिवस इद्दतीत बसायचा ठरवला होता. तुमी मेलाव असाच धरून. नायतर जगायचा कसा?"

"मी जिता हाय."

"ता मना दिसतंय," ती म्हणाली. "पन मी तुमाला रडून मोकली झाले होते, असमाच्या बा. आता मना परत सगला मागं आनावा लागल."

अशरफनं खांबाला टेकून विडी पेटवली. त्याचा राग थोडा उतरला होता. "काझीला बोलवू काय?" त्यानं विचारलं. "तो सांगल. गान्यानं तलाक होत नाय."

"काझी काय सांगनार ता मना म्हायती हाय," अमिरून आतून म्हणाली. "तरी बोलवा. गाना सगल्या गावानं ऐकलाय. आता दुसरा पन ऐकू दे."

काझी आला, छत्री मिटून बसला, सगळं ऐकून त्यानं डोकं खाजवलं. निकाह जागच्या जागी आहे, त्याला काही झालेलं नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. अमिरून ऐकेना. शेवटी तो म्हणाला, पुन्हा पढवण्यात गुन्हा नाही. मग दोन दिवसांनी सासरच्या अंगणात, ज्या बायका उठून गेल्या होत्या त्या सगळ्यांना बोलावून, जाफर आणि अमिरून यांचा निकाह पुन्हा पढवला. काझीनं विचारलं तेव्हा जाफरनं 'कबूल' इतक्या मोठ्यानं म्हटलं, की मागच्या बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "हा आवाज त्या यंत्रात नेला असतान तर बोटीचा भाडा वाचला असता."

अमिरून हसली नाही. पण तिनं बांगड्या भरल्या.

जाफर दोन महिने राहिला. कौलं फिरवली, विहिरीचा कठडा बांधला. अमिरून पूर्वीसारखी वाढायची, पूर्वीसारखी बोलायची. एक मात्र बदललं होतं. ती सुंभ वळायला ओटीवर बसली तरी तिच्या तोंडून गाणं येत नसे. शेजारणी पलीकडून सुरू करत, सहावं संपवत, गाठ मारत. ही मुकाट्यानं वळत राहायची. एकदा जाफरनं विचारलं. ती म्हणाली, "मना कुठं थांबावा ता आता कलत नाय."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं एकदाच म्हटलं, "ऱ्हावा." त्यानं हिशेब सांगितला नाही, कारणं सांगितली नाहीत. म्हणाला, "एक वर्स. मग कायमचा." तिच्या पोटात तेव्हा मूल राहिलं होतं. तिला ठाऊक होतं, त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याला नंतर मास्तरच्या कागदातून कळलं.

कुवेतात परतल्यावर जाफरनं गाणं सोडलं. लोकांनी पायाशी बसून विनवण्या केल्या. त्यानं नुसती मान हलवली. पण गाणं काही त्याच्यापाशी राहिलं नव्हतं. मुस्तफाच्या चकतीवरून कुणीतरी दुसरी चकती भरली, तिच्यावरून तिसरी. फहाहीलच्या एका चहावाल्याकडे ती लागायची. फरवानियात खाटांच्या खोल्यांतून लागायची. ज्यांनी कधी कोकण बघितलं नव्हतं, असे हैदराबादचे, सिंधचे लोक "वो तांडेलवाला लगाओ" म्हणायचे. सातवं कडवं आलं की सगळे डोळे पुसायचे. त्यांचं ते आवडतं होतं. ते काढून टाका, असं जाफरनं मुस्तफाला एकदा सांगून बघितलं.

"येडा हायस काय?" मुस्तफा म्हणाला. "त्याच्याशिवाय गान्यात हाय काय? लोक त्याच्यासाठीच ऐकतात."

मग तो वरमला. "जाफर, मी भाभीला तेव्हा धड बघितला असता तर..."

"जाव दे," जाफर म्हणाला.

मुस्तफा म्हणाला ते खरंच होतं, लोक सातव्यासाठीच ऐकत. आपलाच आवाज, पाठीमागे पत्र्यावरची वाळू, कुणाचा तरी हुंदका, हे सगळं जाफर रस्त्यानं जाताना ऐकायचा आणि चालत राहायचा. एकदा चहावाल्याच्या दुकानात एक अनोळखी माणूस त्याच्याच शेजारी बसून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "गानेवाले ने बहुत दुख देखा होगा." जाफरनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तब नहीं देखा था."

कागद आता महिन्याला येत होते. अमिरून बरी आहे, असमाचे पुढचे दात पडून नवे आलेत, पोट जड वाटतं, सुईण म्हणते मुलगा. जाफरनं मेसमध्ये सांगून ठेवलं होतं, ऑक्टोबरात मी जाणार ते परत येणार नाही. साहेब म्हणाला, बघू. जाफर म्हणाला, "बघू नाय. जानार."

तार मेच्या शेवटी आली. ती कमालभाईंनी वाचली, कारण त्या बराकीत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. खैरूभाभी स्वतः बसनं अहमदीपर्यंत आली. पुरुषांच्या बराकीत बाई येण्याचा तो पहिलाच प्रसंग. ती त्याच्या खाटेवर बसली. कुणीतरी दबक्या आवाजात सातव्या कडव्याचं काही बोललं, तेव्हा तिनं मान वळवून त्याला गप्प केलं.

"गान्यानं कोन मरत नाय," ती म्हणाली. "मूल आडवा आला. डाक्टर महाडला, आनि होडी भरतीची वाट बघत ऱ्हायली. एवढाच झालाय. दुसरा काय डोक्यात घेव नको, जाफर."

जाफरनं विचारलं, तिनं शेवटी काही म्हटलं का. तारेत ते नव्हतं. तारेत सात शब्द होते आणि ते सगळे कमालभाईंनी वाचून दाखवले होते.

अमिरुन्निसा एकोणीसशे बासष्ट साली, मे महिन्याच्या सव्वीस तारखेला, बकरीदीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, बाळंतपणात वारली. मूल तिच्याआधी तासभर गेलं होतं.